चाक मोठे, पण कोणते?



साहित्य, इतिहास आणि अध्यात्म यांच्या पंगतीला मी मोटारीचे चाक आणून बसवितो आहे, याबद्दल कोणी नाक मुरडले तर मला नवल वाटणार नाही. परंतु आर्णी हे नागपूर-तुळजापूर महामार्गावरचे गाव. यवतमाळच्या दवाखान्यात जायचे असो, नांदेडला लग्नाला जायचे असो, की कापूस बाजाराला न्यायचा असो, येथे सारे चाकावर चालते. आणि हल्ली ज्यांच्या दारात नवी गाडी यावयाची असते त्यांच्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो : चाके सोळा इंची घ्यावी की अठरा इंची? दुकानदार म्हणतो, "मोठी घ्या, रुबाब दिसतो." शेजारी म्हणतो, "मोठी नको, ॲव्हरेज पडते." दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात, पण 'मोठे' म्हणजे काय, हे दोघांपैकी एकही सांगत नाही. तेवढेच आज मी सांगणार आहे.

हा प्रश्न मी हायब्रिड गाडीपुरता मांडतो, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे हायब्रिड म्हटले म्हणजे आधी ज्वारी आठवते, मग कपाशी. दोन जातींचा संकर तो हायब्रिड. गाडीतही तेच : एक पेट्रोलचे इंजिन आणि एक विजेची मोटर, दोघांचा संसार एका छताखाली. गाडी हळू चालली असता मोटर ओढते, वेग वाढला की इंजिन हातभार लावते, आणि ब्रेकवर पाय दाबला की तीच मोटर उलटी जनित्र होऊन गाडीचा वेग विजेच्या रूपाने बॅटरीत साठविते. साध्या गाडीत हा वेग ब्रेकच्या उष्णतेत फुकट जातो. टोयोटा-किर्लोस्करची इनोव्हा हायक्रॉस किंवा मारुतीची ग्रँड व्हिटारा, दोन्ही २०२२ साली आल्या, त्या या जातीच्या. माणूस या गाडीसाठी जास्त पैसे मोजतो तो पेट्रोल वाचावे म्हणून. ते वाचलेले पेट्रोल चाकांनी परत खाल्ले, तर तो व्यवहार कसला?

आता आपल्या वाडवडिलांच्या बंडीकडे वळू. बंडीचे चाक माणसाच्या छातीला लागेल एवढे मोठे. लाकडी तुंबा, त्यात बसविलेले आरे, भोवती पुठे आणि त्यावर तापवून चढविलेली लोखंडी धाव. सुताराने ते एवढे मोठे का केले? मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावरून सहज चढते. काळ्या मातीच्या चिखलात त्याचा अधिक लांब भाग जमिनीला टेकतो, म्हणून ते कमी रुतते. ट्रॅक्टरची मागची चाके मोठी असतात त्यामागे हेही एक कारण आहे. मग रबरी टायरची गाडी आली. तिचे चाक बंडीच्या चाकाच्या मानाने बुटके. तरी पक्क्या सडकेवर बैलांना ती हलकी वाटली. कारण खड्ड्याचा धक्का आता लाकूड आणि बैलाची मान सोसत नव्हती, टायरमधली हवा सोसत होती. ही हवेची युक्ती बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने १८८८ साली मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी काढली. योगायोग असा, की किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभही त्याच सालापासून धरतात, आणि तोही बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून!

म्हणजे चाकाचे दोन गुण वेगळे झाले. एक बाहेरची उंची, दुसरा हवेची गादी. मोटारीच्या दुकानात 'मोठे चाक' म्हणतात तेव्हा या दोहोंपैकी काय मोठे होते?

टायरच्या कडेवर आकडे छापलेले असतात ते कधी वाचून पाहा. हायक्रॉसच्या एका टायरवर २०५/६५ आर १६ असे असते. २०५ मिलिमीटर ही टायरची रुंदी. तिच्या शेकडा ६५ ही रबराच्या कडेची उंची. १६ इंच हा मधल्या रिमचा व्यास. हिशेब केला तर रबराची कड १३३ मिलिमीटर आणि साऱ्या चाकाचा व्यास ६७३ मिलिमीटर येतो. त्याच गाडीच्या वरच्या दर्जात २२५/५० आर १८ हे टायर मिळते. त्याची कड साडेएकशे बारा मिलिमीटर, व्यास ६८२. रिम दोन इंचांनी वाढली, पण सारे चाक वाढले अवघे नऊ मिलिमीटर, आणि गाडीचा आस जमिनीपासून उचलला गेला त्याच्या निम्मा, म्हणजे एका ज्वारीच्या दाण्याएवढा! बदल्यात हवेची गादी दोन सेंटिमीटरांनी पातळ झाली. सुताराने वाढविले ते हे चाक नव्हे. येथे वाढले ते लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे कडे. घटली ती हवा.

याचा पेट्रोलवर काय परिणाम होतो? अनुमान करण्याची गरज नाही. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीचे २०२३ सालचे अमेरिकन सरकारचे अधिकृत आकडे आहेत. सतरा इंची चाकांची गाडी गॅलनला ५७ मैल, एकोणीस इंची चाकांची ५२. आपल्या मापात लिटरला सुमारे २४.२ आणि २२.१ किलोमीटर. ध्यानात घेण्याजोगे असे, की दोन्ही टायरांची रुंदी एकच, १९५ मिलिमीटर. वरच्या गाडीवर साज थोडा अधिक असतो, त्याचेही वजन काही असेल. तरीही फरकाचा मोठा वाटा चाकांकडेच जातो. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे यात सुमारे साठ लिटर जातात. शंभर रुपये लिटर धरले तरी सहा हजार रुपये झाले.

हे घडते कसे? पहिली गोष्ट वजनाची. परिघाजवळचे वजन गाडीबरोबर पुढेही ढकलावे लागते आणि फिरवावेही लागते. किलोभर वजन तेथे दीड-पावणेदोन किलोचे ओझे होते. येथे हायब्रिडचे मात्र एक बरे आहे : फिरत्या चाकात घातलेली शक्ती ब्रेक लावताना काही अंशी परत येते. परंतु टायरचे रबर प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, त्यात जी उष्णता होते ती कोणत्याही बॅटरीत परत येत नाही. रुंद, पकडीसाठी बनविलेले टायर ही उष्णता जास्त करते, आणि हवाही जास्त कापते. गंमत अशी, की हायब्रिडने इंजिनाची उधळपट्टी आधीच कमी केलेली असते. त्यामुळे उरलेल्या खर्चात टायरचा वाटा अधिक डोळ्यांत भरतो. कंपनीने दिलेली कमी ओढीची टायरे काढून बाजारातली कोणतीही चढविली, तर रिम न बदलताही ॲव्हरेज पडते.

चालविण्याच्या बाबतीत मात्र मोठ्या रिमच्या बाजूने बोलले पाहिजे. बुटक्या कडेचे टायर वळणावर कमी वाकते, सुकाणू फिरवताच गाडी वळते. सिमेंटच्या चौपदरी महामार्गावर हा गुण खरा आहे. पण महामार्ग सोडून शेताकडच्या वाटेला लागा. जड चाक खडबडीत रस्त्याला चिकटून राहत नाही, उडते. आणि उडालेले चाक ना ब्रेक ऐकते ना सुकाणू. खोल खड्ड्यात पातळ गादी पार दबून रिमच वाकते किंवा टायरची कड फुगते. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचले की रुंद टायर त्यावर तरंगू लागण्याचा धोका वाढतो. अरुणावतीला पूर असता रात्री रुग्ण घेऊन निघालेल्याला रुबाबाचा काय उपयोग? आपल्या भागात राहणाऱ्याला मी सोळा इंचीच घ्या असे सांगेन, आणि उरलेल्या पैशांत टायर उत्तम घ्या.

काही हौशी मंडळी याहून पुढे जातात आणि बाहेरचा व्यासच वाढवितात. तो शेकडा पाच वाढला, तर गाडी १०५ किलोमीटर गेली असता मीटर शंभर दाखविते. वेगही प्रत्यक्षाहून कमी दिसतो, आणि ॲव्हरेज आहे त्याहून वाईट भासते. हायब्रिडचे इंजिन आपला वेग स्वतंत्रपणे जुळवून घेऊ शकते. परंतु मोटर चाकाशी दातेरी चक्रांनी कायमची बांधलेली असते, म्हणून चढावर तिची ओढ तेवढी घटते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८, याचे कलम ५२ आहेच : निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाहून नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा फेरबदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला म्हणजे विमा कंपनीला हे कलम बरोबर आठवते.

ज्यांनी मोठी चाके आधीच घेतली आहेत त्यांनी निराश होऊ नये. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाचा कागद चिकटविलेला असतो, तो पाहावा. महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी चालविण्याआधी हवा मोजावी. वैशाखात दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब चार-पाच अंकांनी चढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडली, की सकाळी टायर बसलेले असते आणि पेट्रोल जास्त जाते. बुटक्या टायरला तर कमी हवा मुळीच सोसत नाही.

आणि चार चाके बदलणाऱ्यांनी पाचवे विसरू नये. डिकीतली स्टेपनी जुन्याच मापाची राहिली आणि महागावच्या अलीकडे पुढचे टायर बसले, तर एका आसावर दोन उंचींची चाके येतात. मग डावे आणि उजवे चाक सारखे वेगळ्या गतीने फिरते आणि मधला डिफरन्शियल सारखा घासत राहतो. अशा वेळी ती स्टेपनी मागच्या चाकाला लावावी, मागचे चाक पुढे घ्यावे, आणि सावकाश जवळच्या टायरवाल्यापर्यंत जावे.