तिवरांना हवी भरतीची वाट

(कांदळवन संरक्षणाविषयी शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



संरक्षणाची गरज असलेल्या वनस्पती म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचे कडे किंवा कासचे पठार उभे राहते. परंतु घाटकोपर, विक्रोळी, भांडुप व मुलुंड यांच्या पूर्वेकडील ठाणे खाडीच्या काठी, तसेच अंधेरीजवळ वर्सोव्यास आणि बोरिवलीजवळ गोराईस अशाच वनस्पती चिखलात पाय रोवून उभ्या आहेत. ती आपली कांदळवने होत.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कांदळवनांच्या सुमारे २० जाती आढळतात. उपनगरांतील खाड्यांत मात्र प्राबल्य आहे ते तिवराचे. तिवर अतिशय सोशिक आहे. खारटपणा आणि सांडपाणी ते पुष्कळ अंशी सहन करते. कांदळ, किरकिरी, काजळा ही झाडे त्या मानाने विरळ झाली आहेत. म्हणून हिरवा पट्टा दाट दिसला, तरी सर्व काही कुशल आहे असे समजणे योग्य होणार नाही.

या वनांना कायद्याचे पाठबळ आहे. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि त्यांच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकामास बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निर्णयाने ही बंधने कायम झाली. २०१२ साली वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. २०१५ साली ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली ही खाडी रामसर यादीत समाविष्ट झाली. ऑगस्ट २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीस राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला.

तथापि, कुऱ्हाड न लावताही तिवर मारता येते, हे आपण ध्यानी घ्यावयास हवे. चिखलात प्राणवायू अत्यल्प असतो. त्यामुळे तिवराची श्वासमुळे खिळ्यांसारखी जमिनीवर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. त्यांवर राडारोडा पडला की झाड गुदमरते. बांध घालून भरती अडविली की माती सुकते व तिच्यातील खारटपणा वाढतो. पाणी आत कोंडून राहिले तर मुळे कुजतात. अशा झाडावर कुऱ्हाडीचा एकही घाव आढळत नाही. काही महिन्यांनी जागा उजाड दिसते, आणि मग येथे कांदळवन नव्हतेच, असे म्हणण्यास वाव मिळतो.

रोपे लावून ही हानी भरून निघते काय? ९ डिसेंबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाने मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार कांदळवृक्ष तोडण्यास अनुमती दिली. लोकोपयोगी कामासाठीही न्यायालयाची परवानगी लागते, ही बाब महत्त्वाची आहे. अशा परवानगीबरोबर पर्यायी लागवडीची अट येते. परंतु जेथे भरतीचे पाणी ये-जा करीत नाही, तेथे लावलेले रोप जगत नाही. उलट, भरतीची वाट मोकळी असेल तर पाण्याबरोबर बी येऊन झाडे आपणहून उगवतात. कांदळाचे बी तर झाडावरच रुजते आणि भाल्यासारखे चिखलात उतरते.

म्हणून अधिकारी बंधूंना माझी विनंती आहे की, पाहणीच्या वेळी केवळ बुंधे मोजू नका. पाणी कोठून येते आणि कोठे अडले आहे तेही पाहा. नवा भराव, बुजलेली नाळ, रातोरात उभा राहिलेला बांध यांची नोंद तारीख व छायाचित्रासह करा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ओहोटीच्या वेळी सुरक्षित जागेवरून खाजण दाखवावे आणि तिवर व कांदळ यांतील फरक ओळखावयास शिकवावे. ठाणे, पालघर व रायगडमधील पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील खाजणात भराव पडू लागताच तहसीलदार व वन विभागास लेखी कळवावे. पहिली गाडी रिकामी होते त्या दिवशी केलेली तक्रार, शंभराव्या गाडीनंतरच्या चौकशीपेक्षा अधिक मोलाची असते.

कोळी व आगरी बांधवांना हे सांगावयास नको. मासळीची पिले आणि चिंबोऱ्या याच मुळांच्या आधाराने वाढतात, हे ते पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. त्यांच्या ज्ञानास आपल्या दप्तराची साथ मिळाली, तर उपनगरांच्या दारातील हे वन टिकेल, याविषयी मला शंका नाही.