लिनक्सचा गाभा आणि आपल्या शाळांतील जुने संगणक

(राळेगणसिद्धी येथे शिक्षकांच्या अभ्यास-सहलीत केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा सावरून.)



विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. इतिहास-भूगोल शिकविणाऱ्या बी.ए., बी.एड. मास्तराने संगणकाच्या गाभ्यावर बोलावे, हा आगाऊपणा वाटण्याचा संभव आहे. परंतु शाळेच्या संगणक-कक्षाची किल्ली माझ्याकडे असते, आणि ज्याच्याकडे किल्ली त्याच्याकडे तक्रारी, हा आपल्याकडील नियम आपणांस ठाऊकच आहे. त्या तक्रारींच्या निमित्ताने जे वाचले, विचारले व करून पाहिले, तेवढेच सांगणार आहे.

प्रश्न साधा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबविले. पुढची विंडोज ११ प्रणाली जुन्या यंत्रांवर बसत नाही. आपल्या शाळांतील संगणक बहुधा देणगीचे, कुणा कचेरीने वापरून झाल्यावर दिलेले. यंत्र चालते, पडदा लागतो, कळफलकाच्या दोन-चार कळा गेल्या आहेत इतकेच. ही यंत्रे भंगारात घालावयाची काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्यांवर लिनक्स बसवावे. मात्र लिनक्स म्हणजे काय, ते कोण सांभाळते, आणि अलीकडे त्यात काय बदलत आहे, हे समजून न घेता बसविले, तर दोन वर्षांनी आपण पुन्हा याच प्रश्नापाशी येऊ.

संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला इंग्रजीत ‘कर्नल’ म्हणतात. हा कर्नल फौजेतला नव्हे. बदाम फोडल्यावर आत जो गर मिळतो, तो हा. पडद्यावर दिसते ते टरफल. आतला गाभा स्मृतीची वाटणी करतो, कोणत्या कामाला यंत्राने किती वेळ द्यावा ते ठरवितो, छपाईयंत्र, तबकडी, जाळे यांच्याशी बोलतो. शाळेत वेळापत्रक लावणारा, वर्गखोल्या वाटणारा आणि शिपायाला निरोप देणारा जो एक माणूस असतो, त्याच्यासारखा. तो असतो तेव्हा दिसत नाही. नसला की सगळी शाळा अंगणात उभी.

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये हे काम जाहीर केले. आरंभी सुमारे दहा हजार ओळींचा हा मजकूर होता, तो २०२५ च्या प्रारंभी चार कोटी ओळींच्या घरात गेला. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या पोटात हाच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, त्यांतील झाडून सारे २०१७ पासून याच्यावर चालतात. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या यादीत त्रेसष्टावा होता, तोही यावरच. सिद्धी हे नाव या गावावरून पडले असे मात्र समजू नये, तो नुसता योगायोग.

आता हे येथेच, राळेगणसिद्धीत, का सांगावयाचे? आज सकाळी आपण येथील बांध पाहिले. १९७५ साली अण्णा हजारे फौजेतून गावी परतले, तेव्हा हे अवर्षणाचे व दारूच्या भट्ट्यांचे गाव होते. पुढे पाझर-तलावाची दुरुस्ती झाली, नाल्यांवर बांध पडले, विहिरींना पाणी आले. ते पाणी टिकले ते केवळ बांधांमुळे नव्हे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान हे पाच नियम गावाने पाळले, पाणी खाणारा ऊस नको असे ठरविले, म्हणून टिकले. सर्वांच्या मालकीची वस्तू नियमांवाचून कोणाचीच राहत नाही. लिनक्सचेही असेच आहे. १९९२ पासून त्यावर जो परवाना आहे त्याचा अर्थ असा: हा मजकूर कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा, विकावादेखील; मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास देताना तिचा मूळ मजकूरही देणे बंधनकारक आहे. पाणी घ्या, पण पाट अडवू नका. दप्तर सर्वांस उघडे असले पाहिजे, ही मागणी या गावाला नवी नाही. माहितीच्या अधिकारासाठी येथून चळवळ झाली, महाराष्ट्राचा कायदा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा.

उपमा येथेच सोडतो, कारण ती पुढे लंगडी पडते. लिनक्सचे काम आज बहुतांशी श्रमदान नाही. इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी लोकच ते मोठ्या प्रमाणात करतात, आणि ज्या यंत्रात त्या कंपन्यांना रस, तिकडे काम अधिक होते. यात लबाडी नाही, पण आपणही भाबडेपणाने पाहू नये.

कामाची रीत मात्र शिकण्यासारखी आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. पहिले दोन आठवडे नवे बदल आत घ्यावयाचे, त्यानंतर नवे काही नाही, फक्त तपासणी व दुरुस्ती. एकेका आवृत्तीत सुमारे दोन हजार माणसांचे हात लागतात. प्रत्येक भागाला एक सांभाळणारा नेमलेला असतो, त्याच्या संमतीवाचून त्या भागात काही शिरत नाही, आणि बदल करणाऱ्याचे नाव त्या बदलावर कायमचे राहते. याचा गैरफायदा घेऊन पाहिला गेला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील काही संशोधकांनी, तपासणारे पकडतात की नाही हे पाहण्यासाठी, जाणूनबुजून सदोष बदल पाठविले. २०२१ मध्ये त्यावरून वाद पेटला तेव्हा ग्रेग क्रोआ-हार्टमन या ज्येष्ठ सांभाळदाराने त्या साऱ्या विद्यापीठाचे योगदानच बंद केले, आणि संशोधकांना आपला निबंध मागे घ्यावा लागला. परीक्षेत कॉपी झाल्यावर सारे केंद्र रद्द होते, त्यातला हा प्रकार. शिक्षा फार व्यापक झाली असे वाटते खरे, पण विश्वासावर चालणाऱ्या घरात दुसरा इलाजही दिसत नाही.

अलीकडच्या बदलांत सर्वांत गाजलेला बदल भाषेचा आहे. हा गाभा ‘सी’ नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. सी भाषा चपळ, पण लिहिणाऱ्यावर सारा भरवसा टाकणारी. समजा, एक वर्गखोली तिसऱ्या तासाला दुसऱ्या शिक्षकाकडे गेली, पण पहिल्याने किल्ली परत केली नाही आणि चौथ्या तासाला तो आत शिरून फळा पुसून आला. असा घोटाळा स्मृतीच्या बाबतीत झाला की चोराला वाट मिळते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते की, त्यांच्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे सत्तर टक्के दोष या जातीचे असतात. ‘रस्ट’ ही नवी भाषा किल्ली परत केल्याशिवाय पुढचे पान उलटूच देत नाही. यंत्रावर चढण्याआधीच ती चूक दाखविते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीत रस्टला प्रयोग म्हणून प्रवेश मिळाला.

आणि मग भांडणे झाली. दोन माध्यमांची शाळा एकाच इमारतीत चालविणे म्हणजे काय, हे उर्दू आणि मराठीचे वर्ग शेजारीशेजारी चालविणाऱ्या आपणांस मुद्दाम सांगावयास नको. ख्रिस्टोफ हेलविग या जुन्या जाणत्या सांभाळदाराचे म्हणणे असे होते की, एका प्रकल्पात दोन भाषा आल्या की तो सांभाळणे अशक्य होते; त्यांनी फेब्रुवारी २०२५ च्या सुमारास आपल्या भागात रस्टशी जोडणीला ठाम विरोध केला. उलट बाजूला, नव्या भाषेसाठी खपणारा वेडसन आल्मेडा फिल्हो हा २०२४ मध्येच या वादांना कंटाळून काम सोडून गेला होता. टोरवाल्ड्स यांनी निवाडा दिला तो मला शहाणपणाचा वाटतो: कोणावर रस्ट शिकण्याची सक्ती नाही, पण आपल्या भागाचा उपयोग दुसऱ्याने रस्टमधून करावयाचा की नाही, हे ठरविण्याचा अधिकारही कोणाला नाही. हेलविग यांनी पुढे ती जबाबदारी सोडली. डिसेंबर २०२५ मध्ये टोकियोतील सांभाळदारांच्या बैठकीत ‘रस्ट आता प्रयोग राहिला नाही’ असे ठरले.

माझे मन या प्रकरणात दोन्हीकडे आहे. तीस वर्षे एक भाषा घोटलेल्या माणसाला उद्यापासून दुसरीची चूक काढा म्हणणे हे कठीणच. पण गूगलने २०२४ मध्ये दिलेला आकडाही डोळ्यांआड करता येत नाही. अँड्रॉइडमध्ये नवे लेखन सुरक्षित भाषांतून करू लागल्यावर स्मृतीच्या दोषांचे प्रमाण २०१९ मधील शहात्तर टक्क्यांवरून चोवीसवर आले. जुने सारे पुसून पुन्हा लिहावे लागले नाही, फक्त नवे नव्या रीतीने लिहिले.

दुसरा बदल आवाज न करता झाला. कारखान्यातील यंत्रे किंवा ध्वनिमुद्रण यांना ठरलेल्या क्षणी उत्तर लागते, थोडा उशीरही चालत नाही. त्यासाठीचे काम वीस वर्षे गाभ्याच्या उंबऱ्याबाहेर चालले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ते अखेर आत घेण्याची वेळ आली, तेव्हा थॉमस ग्लाइक्सनर यांनी ती विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात बांधून टोरवाल्ड्स यांच्या हाती दिली. वीस वर्षांच्या चिकाटीला एवढी हौस शोभते.

आता आपल्या कामाचा भाग. गाभ्यातून जुनी यंत्रे वगळली जात आहेत. टोरवाल्ड्स यांनी ज्या ३८६ जातीच्या संगणकावर पहिले लिनक्स लिहिले, त्याच जातीचा आधार २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढून टाकला गेला. आपल्या पहिल्या घराची भिंत पाडतानाही त्यांनी हळहळ दाखविली नाही. २०२५ मध्ये ४८६ चीही वेळ आली आहे असे त्यांनी बोलून दाखविले. डेबियन ही जी नावाजलेली लिनक्स-मांडणी आहे, तिच्या ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीत ३२ बिटांच्या जुन्या संगणकांसाठी बसविण्याची सोयच उरली नाही. कारण दुष्टपणा नव्हे. ती यंत्रे ज्यांच्या घरी आहेत, त्यांतील कोणी चाचणी करून ‘हे अजून चालते, मी सांभाळतो’ म्हणावयास पुढे येत नाही.

त्याला जोडूनच आणखी एक गोष्ट. दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना सहा वर्षे दुरुस्त्या देण्याची प्रथा होती, ती २०२३ मध्ये दोन वर्षांवर आणण्याचे ठरले. सांभाळणारे थकले होते, आणि इतक्या जुन्या आवृत्त्या वापरणारे थोडे होते. काही आवृत्त्यांना अधिक मुदत मिळालीही. पण ‘एकदा बसविले, आता दहा वर्षे बघावयास नको’ ही आपली सवय येथे चालणार नाही, हे संगणक-कक्षाच्या दारावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात असा प्रयोग झालाच नाही असे नाही. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैरात-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेतील छोटी यंत्रे आली. वेग ४३३ मेगाहर्ट्‌झ, स्मृती २५६ मेगाबाइट, म्हणजे आजच्या स्वस्त फोनपुढेही काहीच नाही. आत लिनक्स होते. धनगर वस्तीतील पहिली ते चौथीच्या मुलांसमोर प्रथम आलेली संगणकप्रणाली ही अशी मुक्त होती, आणि शिकविणारा एकच मास्तर होता. ती योजना देशभर पसरली नाही. यंत्रांपेक्षा त्यांच्या मागे उभा राहणारा मनुष्य कमी पडतो, असे मला वाटते. केरळ राज्याने शाळांचे संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर चालवून दाखविले, ते प्रथम शिक्षकांना तयार करून.

म्हणून माझी विनंती यंत्रांविषयी कमी आणि आपल्याविषयी अधिक आहे. आपापल्या शाळेतील प्रत्येक संगणक ३२ बिटांचा की ६४ बिटांचा, याची नोंद जडवस्तू-नोंदवहीत करावी. ६४ बिटांचा असेल तर तो भंगार नाही. स्मृतीची एक पट्टी वाढवून तो अजून चांगली वर्षे देईल. ३२ बिटांचा असेल तर त्याच्यावर खर्च करू नये, उघडून मुलांना आतले भाग दाखवावेत. इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांसाठी मुंबई आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे पाठ मराठीतूनही आहेत. मी त्यांवरच शिकलो. प्रत्येक शाळेत निदान दोन शिक्षकांना हे यावे, कारण एकाची बदली झाली की किल्ली पुन्हा खुंटीवर लटकते.

आणि मुलांच्या दृष्टीने एक तारीख लक्षात ठेवावी: १९ जानेवारी २०३८. जुन्या प्रणाली १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. त्या दिवशी ती मोजणी भरून वाहते आणि घड्याळ मागे, थेट १९०१ सालात जाऊन पडते. गाभ्यातील हा दोष अनेक वर्षे खपून काढावा लागला. ३२ बिटांच्या यंत्रांसाठी तो २०२० च्या ५.६ आवृत्तीत मुख्यतः निस्तरला. त्या कामात आर्न्ड बर्गमन यांच्याबरोबर दीपा दिनमणी हे नाव ठळक आहे. त्या या क्षेत्रात आल्या त्या ‘आउटरीची’ नावाच्या योजनेतून. नवख्यांना, विशेषतः स्त्रियांना, वेतन देऊन उमेदवारी करू देणारी ती योजना आहे. लिनक्स फाउंडेशनच्या शुआ खान याही अशीच एक मार्गदर्शन-योजना पाहत आल्या आहेत, आणि तिच्यासाठी अर्ज घरबसल्या करता येतो. आपल्या दहावीच्या वर्गातील ज्या मुलीला गणिताच्या वहीतली शेजारणीची चूक लगेच दिसते, तिच्या कानावर ही दोन नावे पुढच्या सोमवारी घालावयाची आहेत.