तोल सांभाळताना

मराठीतला 'तोल' हा शब्द मला फार आवडतो. तराजूत धान्य टाकलं की तोल होतो, माणूस ठेचाळला की तोल जातो. वजन आणि समतोल, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. चीनमधल्या ताई-ची या व्यायामाचं सारही याच शब्दात सापडतं.

ताई-ची ही मुळात युद्धकला. आज मात्र तिथल्या बागांमधून म्हातारी माणसं सकाळी अगदी संथपणे ती करतात. २०२० मध्ये युनेस्कोनं तिला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. या व्यायामात एका पायावरचं वजन हळूहळू दुसऱ्या पायावर न्यायचं असतं. वजन पेलणारा पाय 'भरलेला', दुसरा 'रिकामा'. पाय पुरता रिकामा झाल्याशिवाय उचलायचा नाही.

आपला तोल तिघं सांभाळतात: डोळे, कानाचा आतला भाग आणि पायांचे तळवे व सांधे. वयानुसार तिघंही मंदावतात, मांड्यांची ताकदही ओसरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. त्यांत साठीपुढची माणसं सर्वाधिक.

आमच्या कुरुंद्यात पडायला जागा कमी नाहीत. उंच उंबरठा, न्हाणीतली ओली फरशी, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. खुब्याचं हाड मोडलं की वसमत, नाही तर नांदेड गाठायचं. म्हणून घरचे धास्तावतात. शेजारच्या घरात आजी असो की आमच्याकडची दादी, सगळे एकच म्हणतात, "तुम्ही बसा, आम्ही देतो ना!" यात माया असते. पण बसून बसून पाय आणखी दुबळे होतात आणि पडू नये म्हणून बसवलेलं माणूस उठलं की पडतं.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात फुझोंग ली आणि सहकाऱ्यांनी सत्तरीपुढच्या ६७० जणांचा अभ्यास केला. ही सारी पडण्याचा धोका असलेली माणसं. आठवड्यातून दोनदा, तासभर, असे २४ आठवडे व्यायाम झाले. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई-ची करणाऱ्यांचं पडणं ५८ टक्क्यांनी कमी झालं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा ताई-चीचा फायदा सुमारे १९ टक्के दिसला, तर तोल सांभाळण्याच्या आणि उठण्या-बसण्याच्या साध्या व्यायामांचा सुमारे २४ टक्के. म्हणजे गावात चिनी विद्या शिकवणारा गुरू नसला तरी अडत नाही.

भिंतीशेजारी उभं राहा. पुढ्यात जड, न हलणारी खुर्ची असू द्या. पायांत खांद्याइतकं अंतर, गुडघे किंचित सैल. वजन सावकाश उजव्या पायावर न्या. डावा रिकामा झाला की टाच जराशी उचला, टेकवा. मग दुसरी बाजू. श्वास रोखू नका. सुरुवातीला पाच मिनिटं पुरे, जवळ कुणीतरी हवं. चक्कर येत असेल, नुकतंच हाड मोडलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि आठ दिवसांत फरक शोधू नका. याला महिने लागतात.

घरातल्या तरुणांना एवढंच सांगणं आहे. आज दादीनं पाणी मागितलं तर तांब्या लगेच हातात देऊ नका. म्हणा, "चला दादी, दोघं मिळून आणू." त्यांना त्यांच्या पायांनी उठू द्या. आपण फक्त शेजारी चालायचं.