परदेशी जाऊन इतिहास शिकून काय मिळते?

(कन्नड तालुक्यातील एका खेड्यात शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



आम्ही येथे पांडित्य सांगण्यास उभे राहिलेलो नाही. आम्ही खेड्यातले मास्तर. मराठी अध्यापक विद्यालयात शिकलो आणि चाळिशी उलटली तरी याच तालुक्यातील मुलांना बाराखडी घोटवीत आहोत. परदेश आम्ही डोळ्यांनी पाहिलेला नाही. मग परदेशच्या विद्येवर बोलण्याचा अधिकार आम्हांस काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच, की एका बापाने आम्हांस एक प्रश्न विचारला व त्याचे उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नाही.

गेल्या महिन्यात आपल्या गावचे सुतार आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांची मुलगी विद्यापीठातून एम. ए. झाली आहे. ऊस तोडावयास जी कुटुंबे दर साल घरदार बंद करून कारखान्यांकडे जातात, त्यांच्या जिण्याचा तिला अभ्यास करावयाचा आहे, आणि त्यासाठी समाजशास्त्र शिकण्यास परदेशी जावयाचे आहे. सुतार म्हणाले, "गुरुजी, डॉक्टरकी शिकते म्हणाली असती तर वावर गहाण टाकलं असतं. कॉम्प्युटरचं म्हणाली असती तरी टाकलं असतं. पण इतिहास न् समाज शिकायला एवढ्या लांब? त्यानं काय भेटतं?"

बंधूंनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याच्या घरी तीन एकर कोरडवाहू आणि एक रंधा एवढीच दौलत, त्याने प्रत्येक रुपयाचा हिशेब विचारलाच पाहिजे. तो हिशेब आज आम्ही मांडतो. सुतार या सभेत बसले आहेत. त्यांनीच तो तपासावा.

प्रथम हे शास्त्र कोणते ते साध्या शब्दांत सांगतो. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान यांना मिळून मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे म्हणतात. नावे जड आहेत, पण आतले प्रश्न तुमच्या ओसरीवरचेच आहेत. अद्रकाचा भाव एका वर्षी आभाळाला आणि दुसऱ्या वर्षी मातीमोल का होतो? बापाची दहा एकर जमीन नातवाच्या हाती दीड एकर होऊन का येते? मुलीचे लग्न जातीतच का लावावे लागते? कायदा कागदावर एक आणि कचेरीत दुसरा का असतो? हे प्रश्न जो रीतसर विचारतो, पुरावा गोळा करतो आणि उत्तर लिहून ठेवतो, तो हे शास्त्र शिकला असे समजावे.

कोणी म्हणेल, इतिहासाने आमच्या कारागिराला काय दिले? आपल्याच तालुक्यातील पितळखोऱ्याची लेणी घ्या. गौताळ्याच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली ही लेणी. तेथे उत्खननात यक्षाची एक मूर्ती सापडली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या मूर्तीच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे, की ही मूर्ती कन्हदास नावाच्या सोनाराने घडविली. राजाचे नाव नाही, भटाचे नाव नाही. हातात हातोडी धरणाऱ्याचे नाव आहे! आम्ही लहानपणी त्या डोंगरात गुरे वळली, लेण्यांत सावलीला बसलो, पण हे आम्हांस ठाऊक नव्हते. ते ज्यांनी जुनी लिपी शिकण्यात वर्षे घातली त्यांनी वाचले, म्हणून आज आम्ही तुम्हांस सांगू शकतो. अक्षर कारागिराचे असले तरी ते वाचणारा कारागिराच्या घरात निपजला नाही, तर त्याचे नाव दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावे लागते.

आता परदेशाकडे वळू. आपला कन्नडचा घाट उतरून चाळीसगावावरून पुढे गेले की मालेगाव तालुका लागतो. त्या तालुक्यात कवळाणे नावाचे खेडे आहे. तेथल्या एका शेतकऱ्याच्या घरी १८६३ साली जन्मलेला मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच महाराज सयाजीराव गायकवाड. त्यांच्या संस्थानाने १९१३ साली एका तरुणास दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन अमेरिकेस धाडले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार लिहून घेतला. तो तरुण म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाऊन ते काय शिकले? यंत्रे करावयास शिकले नाहीत, औषधे द्यावयास शिकले नाहीत. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच व जर्मन भाषेचा एकेक, अशी त्यांच्या शिक्षणाची नोंद आहे. म्हणजे सुतारांची मुलगी जे शिकू म्हणते, तेच!

आणि त्या शिक्षणाने काय मिळाले तेही पाहा. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या वर्गात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीतल्या जातीतच लग्न लावण्याच्या बंधनावर जात उभी आहे, असे त्यांनी त्यात दाखविले. परत आल्यावर १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर लेख लिहिला. तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यास जोडलेले भांडवल, अवजारे आणि कष्टाचे हात यांच्या प्रमाणावर ठरते. नुसती जमिनीची मोजदाद बदलून भागत नाही, शेतीवर अडकलेल्या जादा माणसांस उद्योगधंद्यात काम मिळाले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. शंभर वर्षे उलटली, तरी आपल्या शिवारात हे आजही पटते की नाही, ते तुम्हीच सांगा. पुढे १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी कोकणातील खोती रद्द करण्याचे बिल आणले. खोत कुळाला कसा नागवितो हे कुळास ठाऊक होतेच; पण ते कायद्याच्या भाषेत मांडून सरकारापुढे ठेवणारा माणूस पाहिजे होता. तो अर्थशास्त्र आणि कायदा शिकून आला होता.

ते परत आले, म्हणजे सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तर राहावयास जागा मिळेना. पुढे मुंबईत प्राध्यापकी करून पैसा साठविला, शाहू महाराजांनी हातभार लावला, एका पारशी मित्राने उसने दिले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. मिळाली. विद्या एका दमात पुरी होत नाही, हे आपण ध्यानात ठेवावे. त्याच माणसाने पुढे १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, मराठवाड्यातील मुलांसाठी कॉलेज काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. बडोद्याच्या साडेअकरा पौंडांचे व्याज असे आपल्या जिल्ह्यापर्यंत आले.

दुसरी बाजूही पाहा. आपल्या आज्या-पणज्यांनी चालविलेल्या सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीचा पहिला मोठा शास्त्रीय इतिहास कोणी लिहिला? गेल ऑम्वेट नावाच्या अमेरिकेत जन्मलेल्या बाईंनी. जुनी मराठी वर्तमानपत्रे चाळून त्यांनी तो प्रबंध कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठास १९७३ साली सादर केला. त्या पुढे सांगली जिल्ह्यात कासेगावी राहिल्या आणि येथल्याच झाल्या. त्यांचे उपकार आपण मानतोच. पण मनास विचारा: आपल्या घरची गोष्ट सांगण्यास सातासमुद्रापलीकडून पाहुणी यावी लागली, तेव्हा आपली मुले कोठे होती?

परदेशी जाऊन वेगळे काय शिकतात, हेही सांगतो. आपल्याकडे बहुधा गाइड पाठ करून तीन तासांत उत्तरे लिहितात. तेथे प्राध्यापक वाचावयाची यादी देतात, आठ-दहा विद्यार्थी गोल बसून वाद घालतात आणि प्रत्येकाने पुराव्यासह स्वतःचा निबंध लिहावयाचा असतो. दुसऱ्याचे वाक्य स्वतःचे म्हणून घातले तर ती चोरी धरतात. इंग्लंडात एम. ए. साधारण एका वर्षात होते, अमेरिकेत बहुधा दोन वर्षे लागतात. अमेरिकेतील पुष्कळ मोठी विद्यापीठे पीएच. डी. करणाऱ्यांची फी माफ करून वर निर्वाहास पैसे देतात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नसते. मात्र राहण्याखाण्याचा खर्च असतो.

आता पैशाची गोष्ट. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी ती आहे. घरचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असावे लागते. २०२२-२३ सालच्या एकूण १२५ जागांपैकी भूमिहीन शेतमजूर व कारागीर या दोहोंस मिळून अवघ्या ४ ठेवल्या होत्या. सबंध देशातील सुतार, लोहार, कुंभार आणि शेतमजूर, आणि जागा चार!

त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. त्याच २०२२ साली त्या नियमावलीत एक कलम घातले गेले: भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीत धरले जाणार नाहीत. सरकारचे म्हणणे असे, की भारतावरचा अभ्यास भारतातच उत्तम होतो, त्यासाठी बाहेर जाण्याचे कारण नाही. हे म्हणणे वरवर पटण्याजोगे दिसते. पण हाच नियम १९१३ साली बडोद्याने लावला असता तर? जातीवरचा तो निबंध लिहिणारा विद्यार्थी बोटीवर चढलाच नसता! श्रीमंताचा मुलगा स्वतःच्या पैशाने जाऊन हिंदुस्थानच्या इतिहासावर वाटेल ते लिहील. कारागिराच्या मुलाने मात्र सरकारी पैशावर स्वतःच्या लोकांचा अभ्यास करू नये, असा याचा अर्थ होतो. आजारी माणसास स्वतःच्या दुखण्यावरचे पुस्तक वाचण्याची मनाई करावी, तसे हे झाले. या कलमाविरुद्ध आमदार-खासदारांस पत्रे लिहिणे हे आपले काम आहे, आणि आजच्या सभेने तसा ठराव करावा, अशी आमची सूचना आहे.

तोवर दुसऱ्या वाटा आहेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त, भटके व विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी २०१८ सालापासून राज्याची निराळी परदेश शिष्यवृत्ती आहे. सुतारांची मुलगी तीत बसते. मराठा समाजासाठी सारथी संस्थेने सयाजीराव महाराजांच्याच नावाने शिष्यवृत्ती ठेवली आहे. अटी दर वर्षी बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी चालू सालची जाहिरात मुलांकडून अक्षरन् अक्षर वाचून घ्या. जात-प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट आणि इंग्रजीची परीक्षा ही कामे एक वर्ष आधी उरकावीत. तारीख हुकली की कर्तृत्व हुकले असे होते.

सुतारबंधू, आता तुमच्याशी बोलतो. नोकरी लगेच लागेल असे आम्ही खोटे सांगणार नाही. ही विद्या इंजिनाच्या विद्येसारखी पहिल्याच महिन्यात पगार देत नाही. प्राध्यापकी, सरकारी परीक्षा, वर्तमानपत्रे, कायदा, पाहणी करणाऱ्या संस्था, संग्रहालये अशा वाटा तीतून निघतात, पण धीर लागतो. म्हणून आमचे स्पष्ट मत असे: वावर गहाण टाकू नका. जो दलाल "आधी पैसे भरा, प्रवेश आमच्याकडे" म्हणतो, त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. शिष्यवृत्ती मिळाली तर मुलीस जाऊ द्या. पहिल्या वर्षी नाही मिळाली तर दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करू द्या; तोवर ती याच गावी राहून ऊसतोड कुटुंबांत फिरेल, लिहील, काही कमावील. पण "समाज शिकून काय भेटतं" म्हणून तिचे पाय बांधू नका.

हे आम्ही एवढ्या कळकळीने का सांगतो, तेही सांगून टाकतो. बारा वर्षांपूर्वी एका धनगराचा मुलगा आमच्या शाळेतून गेला होता. इतिहासाचे वेड, जुने शिलालेख वहीत उतरवून आणी. बारावीनंतर त्याने आम्हांस विचारले, "गुरुजी, इतिहास घेऊ का?" आम्ही म्हणालो, "पोट भरायचं बघ. तंत्रनिकेतनात जा." तो गेला, तेथे त्याचे मन रमले नाही, दुसऱ्या वर्षी सोडून आला. आज तो चाळीसगावच्या रस्त्यावर चहाची टपरी चालवितो. कष्टाच्या भाकरीत कमीपणा नाही, पण परवा चहा घेताना आम्ही विचारले, "ती वही आहे का रे?" तो म्हणाला, "बंब पेटवायला गेली, गुरुजी." त्याच्या बापाने त्याला अडविले नव्हते. आम्ही अडविले. मास्तराचा शब्द खेड्यात जड असतो, आणि तो आम्ही चुकीच्या पारड्यात टाकला.

तो शब्द आज आम्ही दुसऱ्या पारड्यात टाकीत आहोत. सुतारबंधू, अर्जास लागणारे कागद घेऊन उद्या सकाळी शाळा भरण्यापूर्वी मुलीस आमच्याकडे पाठवा. आम्ही ओट्यावर वाट पाहतो.