हवेचा कुंचला : फिलिप कासल



१९७३ साली डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाची ‘अलॅडिन सेन’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. वेष्टनावरील छायाचित्र ब्रायन डफी यांचे. परंतु गळ्याच्या हाडापाशी साचलेला पाऱ्यासारखा थेंब कॅमेऱ्याने टिपलेला नव्हे. तो फिलिप कासल यांनी एअरब्रशने रंगविला.

हे उपकरण जेमतेम लेखणीएवढे. दाबलेली हवा रंगाचे सूक्ष्म तुषार उडवते. कोरा ठेवायचा भाग कापलेल्या पापुद्र्याने झाकतात. उपकरण कागदाला टेकतच नाही, म्हणून हाताची खूण उरत नाही. जाहिरातदाराला हाच गुण हवा असतो, आणि चित्रकाराला अनामिक करतो तोही हाच.

स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (१९७१) या चित्रपटाचे भित्तिपत्रक कासल यांचेच : त्रिकोणातून सुरी रोखून पुढे येणारा तरुण. १९७३ साली कुब्रिकने हा चित्रपट ब्रिटनमधील प्रदर्शनातून काढून घेतला. त्याच्या निधनानंतर, २००० साली, तो तेथे पुन्हा झळकला. मधल्या काळात कित्येकांनी चित्रपट पाहिला नव्हता. तो तरुण मात्र त्यांच्या ओळखीचा होता.

१९८७ च्या ‘फुल मेटल जॅकेट’साठी कासल यांनी केवळ एक शिरस्त्राण रंगविले. त्यावर ‘मारण्यासाठीच जन्मलेला’ अशा अर्थाचे शब्द, आणि शेजारी शांततेचे चिन्ह.