वस्तू आपली, दुरुस्ती कोणाची?



आज मी दुरुस्तीविषयी बोलणार आहे. विषय साधा वाटेल. पण त्यात आपला पैसा आहे, आपलं पीक आहे आणि आपला हक्कही आहे.

पूर्वी नांगर मोडला की आपण सुताराकडे जात होतो. फाळ बोथट झाला की लोहाराकडे जात होतो. काय मोडलं, ते आपल्या डोळ्यांना दिसत होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आपल्या सोलापुरातले यंत्रमाग पाहा. माग अडला की जॉबर येतो. पाना फिरवतो, झिजलेला भाग बदलतो. माग पुन्हा खडखड चालू लागतो. असे माग वर्षानुवर्षं चालतात.

आता नवी यंत्रं आली. पंप आले, ट्रॅक्टर आले, मोबाइल आले. त्यांनी आपले कष्ट कमी केले, हे खरं. पण एक नवी अडचणही आली. पुष्कळ यंत्रांच्या पोटात काय आहे, ते फक्त कंपनीला ठाऊक. सुटा भाग कंपनीकडेच. दुरुस्तीची माहितीही कंपनीकडेच. मग दुरुस्तीचा भाव कोण ठरवणार? कंपनीच ठरवणार!

समजा, ऐन उन्हाळ्यात विहिरीवरचा पंप बंद पडला. डाळिंबाला पाणी पाहिजे. गावातला मिस्त्री हुशार आहे. पण त्याला सुटा भाग मिळत नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, "भाग पंधरा दिवसांनी येईल." डाळिंब पंधरा दिवस थांबेल का? दुकानदार म्हणतो, "जुना टाका, नवाच घ्या." पंप तर धडधाकट असतो. एक भाग तेवढा गेलेला असतो. तरी शेतकरी उसनवारी करतो आणि नवा पंप आणतो. लहानशा भागापायी मोठं कर्ज डोक्यावर बसतं.

हे मुकाट्यानं सोसायचं का? नाही. एक खरी हकिकत ऐका.

आपल्या देशात भारतीय स्पर्धा आयोग आहे. बाजारात मोठ्या कंपन्यांनी दांडगाई करू नये, हे पाहणं त्याचं काम. २०११ साली एका माणसानं त्याच्याकडे मोटारगाड्यांच्या कंपन्यांविषयी तक्रार केली. कंपन्या सुटे भाग खुल्या बाजारात विकत नाहीत, बाहेरच्या गॅरेजवाल्याला दुरुस्तीची माहिती देत नाहीत, अशी ती तक्रार होती. आयोगानं चौकशी केली. ऑगस्ट २०१४ मध्ये निकाल दिला. १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. पण निकालातली एक गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द, अशी अट कंपनीनं घालू नये, असं आयोगानं सांगितलं. मात्र बाहेरच्या मिस्त्रीच्या चुकीनं काही बिघडलं, तर तेवढ्यापुरती हमी जाऊ शकते. हेही न्यायाचंच आहे.

ही अडचण एकट्या आपलीच आहे, असं नाही. अमेरिकेतले शेतकरीही तेच म्हणत होते. तिकडच्या ट्रॅक्टरमध्ये संगणक असतो. त्याची किल्ली कंपनीच्या हाती. पीक शेतात उभं आणि यंत्र बंद! शेवटी २०२३ साली कोलोरॅडो राज्यानं कायदा केला. शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग, हत्यारं आणि माहिती कंपनीनं शेतकऱ्याला व बाहेरच्या मिस्त्रीला द्यावी, असा तो कायदा आहे. जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला.

आपल्या केंद्र सरकारनंही जुलै २०२२ मध्ये या कामासाठी समिती नेमली. शेतीची यंत्रं, मोबाइल, घरातली विजेची उपकरणं आणि मोटारगाड्या, हे चार विषय तिनं आधी घेतले. दुरुस्तीच्या हक्काचा वेगळा कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही. पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्याचा आधार आपण घेऊ शकतो.

आता काय करायचं, ते सांगतो.

वस्तू घेण्याआधी विचारा. सुटे भाग कुठं मिळतात? किती दिवसांत मिळतात? दुरुस्ती कोण करतो? हमी किती वर्षांची? दुकानदार तोंडी "हो, हो" म्हणेल. ते पावतीवर लिहून घ्या. सरकारी योजनेतून सौर पंप मिळाला असेल, तर त्याला ५ वर्षांची दुरुस्तीची हमी असते. तो बंद पडला तर गप्प बसू नका.

पावती मागा. पावती न देणं कायद्याला मंजूर नाही. पावती आणि हमीपत्र पेटीत जपून ठेवा. सातबारा जपता ना, तसंच.

दुरुस्ती जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्या. विजेच्या यंत्राला स्वतः हात घालू नका. बदललेला जुना भाग परत मागा आणि पाहा.

सदोष माल दिला, किंवा हमी असून दुरुस्ती केली नाही, तर १९१५ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथं काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची असो, तुम्हाला आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर फी लागत नाही. मात्र तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते.

मंडळी, तुम्ही आता अक्षरं शिकला आहात. पोथी वाचा, वर्तमानपत्र वाचा. त्याबरोबर हमीपत्रही वाचा. बारीक अक्षर असेल तर उजेडात धरून वाचा. इंग्रजीत असेल तर शाळेत शिकणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. अंगठा उठवण्याचे दिवस गेले. आता वाचून, विचारून, मगच पैसे मोजा.