जीभ नसलेली चिप



कामगार संघटनेतल्या माणसाने चिपवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी अभियंता नव्हे. या विषयावर जे थोडेफार वाचले ते रात्री, संघटनेचे काम आटोपल्यावर, शब्दकोश उशाशी ठेवून. परंतु अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींच्या मुळाशी मालकाइतकेच यंत्रही निघू लागले. तेव्हा त्याची ओळख करून घेणे भागच पडले.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका जिनिंगमधली हकीकत सांगतो. तेथे हजेरीसाठी बोट लावायचे यंत्र आले. ऐन हंगामात, रेचे रात्रंदिवस चालू असताना, इंटरनेट तीन दिवस बंद पडले. बाया रोज आल्या, बोट लावले, यंत्राने आवाजही केला. आठवड्याच्या शेवटी पाहतात तो तीन खाडे! मुनीम म्हणाला, "वर नोंद नाही." वर म्हणजे कुठे, हे त्यालाही सांगता येईना. ते यंत्र स्वतःपाशी काहीच ठेवीत नव्हते. मिळाले ते परगावी पाठवायचे, एवढाच त्याचा धर्म. भांडून मजुरी मिळाली. पण माझ्या मनात प्रश्न राहिला तो राहिलाच : मोजणारा आणि निरोप्या एकच असावा काय?

अशा यंत्राच्या पोटात मायक्रोकंट्रोलर असतो. हिशेब करणारा भाग, थोडी स्मृती आणि बाहेरच्या तारा जोडायच्या पिना, असा सगळा संसार एकाच चिपवर मांडलेला. कपडे धुण्याच्या यंत्रात तो आहे, कापूस मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यातही आहे. शांघायची एस्प्रेसिफ नावाची कंपनी 2008 साली निघाली. तिचे एक कार्यालय आपल्या पुण्यात आहे. 2014 साली तिची ईएसपी-8266 ही वायफायची चिप बाजारात आली आणि इतकी स्वस्त, की शाळकरी पोरेही तिच्यावर प्रयोग करू लागली. 2016 च्या ईएसपी-32 मध्ये वायफायच्या जोडीला ब्लूटूथ आले. थोडक्यात, बिनतारी बोलणे हीच या घराण्याची कीर्ती. आणि त्याच कंपनीने जानेवारी 2023 मध्ये ईएसपी-32-पी-4 जाहीर केली, ती मुकी! दोन गाभ्यांची, 400 मेगाहर्ट्झपर्यंत वेगाने चालणारी, कॅमेरा नि पडदा सांभाळणारी. पण वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. बोलायचे असेल तर तार जोडा, नाहीतर शेजारी दुसरी चिप बसवा. कंपनीने हे मजुरांच्या कळवळ्याने केले, असा माझा भ्रम नाही. ज्याला वेग हवा त्याने वेग घ्यावा, ज्याला जीभ हवी त्याने ती निराळी घ्यावी, असा हा साधा व्यापारी हिशेब. तथापि त्यातून आपल्या कामाची एक गोष्ट निघते. निरोप्या वेगळा झाला म्हणजे पेटी उघडल्यावर जाणत्याला तो बोटाने दाखवता येतो, आणि तो आजारी पडला तरी मोजणाऱ्याने आपली वही चालू ठेवावी, असे सांगता येते.

या चिपचा गाभा ज्या आज्ञाभाषेवर चालतो तिचे नाव रिस्क-फाइव्ह. नावावर जाऊ नका, त्यात धोका नाही. मुकादमाचे ठरलेले शब्द असतात, "उचल, ठेव, मोज", तसे प्रोसेसरचेही असतात. ही शब्दावली बहुधा कोणा कंपनीच्या मालकीची. आर्मची वापरायची तर परवान्याचे पैसे मोजा. 2010 साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात काही मंडळींनी नवी शब्दावली रचली आणि ती सर्वांना मोकळी ठेवली. मद्रासच्या आयआयटीने तिच्यावर 'शक्ती' प्रोसेसर केले. मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने 'वेगा' मालिका केली. तिच्यातल्या 'तेजस-32' या मायक्रोकंट्रोलरमध्येही बिनतारी यंत्रणा नाही.

मात्र येथे आमचे काही तरुण मित्र घाई करतात. भाषा मोकळी झाली म्हणून यंत्र मोकळे झाले, असे ते समजतात. मराठी कोणाच्या मालकीची नाही, म्हणून सावकाराची वही काय सर्वांना वाचायला मिळत होती? चिपची अंतर्गत रचना कंपनीची असू शकते, आत भरलेला प्रोग्राम तर बहुधा असतोच. मुकी चिपसुद्धा खोटे मोजू शकते. काट्याचे वजन खरे आहे की नाही हे पाहायला 2009 चा वैधमापन कायदा आहे, निरीक्षकाचा शिक्का आहे. बाईच्या हजेरीला शिक्का कोणाचा?

म्हणून येत्या हंगामाच्या बोलणीत आम्ही दोन कलमे घातली आहेत. यंत्राने प्रत्येक हजेरी आधी स्वतःपाशी नोंदवावी, मग कुठे पाठवायची ती पाठवावी. आणि बोट लावताच तारीख-वेळेची कागदी चिठ्ठी हातात पडावी. मालकांचे म्हणणे, चिठ्ठीच्या कागदाचा खर्च फार येतो. बोलणी त्यावर अडली आहेत.